विसरणाऱ्या माणसाचं दुखणं कोण सांगणार?

तुमची जेवणं झाली असतील, भांडी घासायची असतील. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय थोडा लाजेचा आहे. म्हातारपणी माणूस विसरायला लागतो, त्याबद्दल बोलायचं आहे. आणि लघवीच्या मार्गाच्या कॅन्सरबद्दलही बोलायचं आहे. हे दोन वेगळे विषय वाटतील. पण माझ्या घरात ते एकाच खाटेवर आले, म्हणून मी ते एकत्रच सांगणार आहे.

माझे मामाजी, म्हणजे सासरे, धानाची शेती करणारे. वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षांपासून त्यांचा विसर वाढत चालला होता. बैलजोडी विकून पाच वर्षं झाली होती, तरी संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन चारा टाकायचे. जेवून उठले की अर्ध्या तासात म्हणायचे, "मले आज कोणी जेवाले देलं नाही." आम्ही हसायचो, कधी चिडायचो.

ऐन रोवणीच्या दिवसांत एका रात्री ते अचानक उठून बसले. "आंगणात वाघ आला" म्हणून ओरडू लागले. आपल्याकडे वाघ येणं काही अशक्य नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने बॅटरी घेऊन खरंच आंगण पाहिलं. काही नव्हतं. मामाजी अंगावरचे कपडे ओढत होते, मला ओळखत नव्हते. शेजारी म्हणाले, बाहेरचं लागलं. पुजाऱ्याकडून अंगारा आणला. एका दवाखान्यात नेलं, तिथे "वय झालं, आता असंच चालायचं" असं ऐकून झोपेची गोळी घेऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या आशाताई आल्या. त्यांनी मामाजींच्या पोटाला हात लावला. बेंबीच्या खाली घट्ट गोळा लागत होता. त्यांनी विचारलं, "यांनी लघवी कधी केली?" घरात आम्ही पाच माणसं, पण कोणालाच सांगता येईना. कपडे थेंब थेंब ओले होत होते, त्यावरून आम्ही समजत होतो की लघवी होते आहे. खरं तर पिशवी तुडुंब भरली होती आणि वरून फक्त सांडत होतं.

सरकारी रुग्णालयात नळी घातली. लिटरभरापेक्षा जास्त लघवी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "रोवणी झाली का व माय?"

वाघ गेला होता. जुना विसर तसाच राहिला, पण ते तीन दिवसांचं वेड लघवी अडल्यामुळे आलं होतं.

पुढे तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत गेलेला. घरी आल्यावर सासूबाई चुलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "धोतराले सहा महिन्यांपासून लाल डाग लागत होते. मी धुऊन टाकत होती. कोणी विचारलं नाही, मी सांगतलं नाही."

मैत्रिणींनो, मला आज एवढंच सांगायचं आहे. ज्याला सांगता येत नाही आणि ज्याला कोणी विचारत नाही, त्याचं दुखणं उशिरा सापडतं. आमच्या घरात हे घडलं आणि जगभरच्या संशोधकांनाही हेच दिसलं आहे.

विसर सगळा सारखा नसतो

आपण सगळ्या विसराला "म्हातारचळ" म्हणून मोकळ्या होतो. त्यात तीन प्रकार ओळखायला शिका.

पहिला, साधा विसर. चष्मा कुठे ठेवला, पाहुण्याचं नाव काय, हे आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवतं. रोजची कामं नीट होतात. याची काळजी नको.

दुसरा, डिमेन्शिया. याला स्मृतिभ्रंश असंही म्हणतात. हा हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत जातो. नेहमीची वाट चुकते, पैशाचा हिशेब जमत नाही, स्वयंपाकाचा क्रम विसरतो, स्वभाव बदलतो. हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचाच सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. यात कोणाचं पाप नाही, करणी नाही.

तिसरा, अचानक आलेला भ्रम. एका दिवसात किंवा एका रात्रीत माणूस बदलतो. बडबडतो, नसलेलं दिसतं, कधी एकदम सुस्त होऊन पडून राहतो. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. याच्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं दुसरं काही कारण असतं. ताप, जंतुसंसर्ग, लघवी अडणं, शौचाला खडा होणं, अंगातलं पाणी कमी होणं, साखर कमी-जास्त होणं, नवीन सुरू झालेली गोळी. कारण सापडलं आणि उपचार झाला तर माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. ज्याला आधीच डिमेन्शिया आहे त्याला हा भ्रम लवकर होतो, आणि घरच्यांना वाटतं की जुनाच आजार वाढला. आमची चूक नेमकी इथेच झाली.

भारतात डिमेन्शिया किती आहे, यावर देशभर मोठा अभ्यास झाला. त्यात निरक्षर माणसालाही तपासता येईल असे प्रश्न वापरले होते. त्यावरून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो असा: साठीच्या पुढच्या दर १०० माणसांत साधारण ७ जणांना डिमेन्शिया आहे. देशात असे सुमारे ८८ लाख लोक आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हा शहरातल्या बंगल्यांतला आजार नाही. आपल्या गावात साठीच्या वरची शंभर माणसं असतील, तर त्यात साधारण सात जण असण्याची शक्यता आहे.

लघवीच्या मार्गाचे कॅन्सर

आता दुसरा भाग. लघवी तयार होते किडनीत. तिथून ती लघवीच्या पिशवीत येते आणि नळीने बाहेर पडते. पुरुषांत या पिशवीच्या खाली आवळ्याएवढी एक गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. किडनी, पिशवी, प्रोस्टेट आणि पुरुषाचं लिंग या सगळ्या जागी कॅन्सर होऊ शकतो. बहुतेक उतारवयात होतात. अंडकोषाचा कॅन्सर मात्र तरुण मुलांतही होतो, तिथे न दुखणारी गाठ लागली तरी लगेच दाखवावं.

सगळ्यांत महत्त्वाची खूण लक्षात ठेवा: लघवीतून रक्त. ते दुखत असेलच असं नाही. पिशवीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा रक्त जातं आणि दुखत मात्र काहीच नाही. एकदा लाल लघवी होते, मग महिनाभर स्वच्छ. माणूस म्हणतो, उष्णता होती, गेली. पण एकदा जरी रक्त गेलं, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. गरज पडली तर पिशवीत दुर्बीण घालून पाहतात.

बायांनो, हे आपल्यालाही लागू आहे. बाईच्या लघवीत रक्त दिसलं की आपण समजतो पाळीचं असेल, नाही तर जळजळ आहे म्हणून गोळ्या घेतो. पाळी जाऊन वर्षं झाली असतील आणि कपड्याला डाग दिसला, तर ते रक्त गर्भाशयाचं असो की पिशवीचं, दोन्हीत तपासणी हवीच. गोळ्यांचा कोर्स करूनही पुन्हा पुन्हा तोच त्रास होत असेल, तर तिसऱ्यांदा तीच गोळी मागू नका, पुढची तपासणी मागा.

प्रोस्टेटचं थोडं वेगळं आहे. वय वाढलं की ही गाठ बहुतेक पुरुषांत वाढते. रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक होते, थांबत थांबत होते. यातल्या बऱ्याच जणांना कॅन्सर नसतो. पण कोणाला साधी वाढ आहे आणि कोणाला कॅन्सर, हे बाहेरून कळत नाही. डॉक्टर बोटाने तपासतात, पीएसए नावाची रक्ततपासणी करतात, शंका असली तर सुईने तुकडा काढून पाहतात. कंबर किंवा मांडीचं हाड सतत दुखत असेल आणि सोबत लघवीचाही त्रास असेल, तर उशीर करू नका.

लिंगाच्या पुढची कातडी मागे सरकत नसेल, तिथे जखम किंवा गाठ असून भरत नसेल, तर तेही दाखवायचं आहे. म्हातारा पुरुष हे सुनेला सांगणार नाही. मुलाने आंघोळ घालताना पाहावं.

पिशवीच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे तंबाखूचा धूर. बिडी-सिगारेटमधलं विष रक्तात उतरतं, किडनी ते गाळते, आणि ते पिशवीत तासन्तास साठून राहतं. बिडीने छाती जाते एवढंच आपल्याला माहीत असतं. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे तर आपण गावोगावी पाहतोच.

दोन्ही आजार एकाच माणसाला झाले तर

अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. डिमेन्शिया असलेल्या माणसाचा कॅन्सर इतरांपेक्षा उशिरा सापडतो आणि त्याला उपचारही कमी मिळतात. कारण सरळ आहे. त्याला दुखणं शब्दांत सांगता येत नाही. तो चिडतो, जेवत नाही, खाली हात नेतो, आणि घरचे म्हणतात डोकं बिघडलं. आपल्याकडे तर म्हातारा माणूस डबा घेऊन बोडीकडे जातो, लघवीचा रंग पाहणार कोण?

उपचारातही काही गोष्टी माहीत असाव्यात.

ऑपरेशननंतर डिमेन्शियाच्या माणसाला भ्रम होण्याची शक्यता जास्त असते. तो नळी ओढून काढतो. म्हणून पहिले काही दिवस ओळखीचं माणूस जवळ हवं, चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र जवळ हवं, दिवसा उजेड आणि रात्री अंधार हवा.

वारंवार लघवी होते म्हणून जी काही औषधं देतात, त्यांतली काही डोक्याच्या विसराला चांगली नसतात. इंग्लंडमध्ये २०१९ साली डिमेन्शियाच्या सुमारे ५९ हजार रुग्णांची तुलना इतर लोकांशी केली. त्यात अशी औषधं जास्त काळ घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया जास्त दिसला. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते किंवा भ्रम होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना सांगा, "यांना विसराचा आजार आहे."

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी संप्रेरक कमी करण्याचं इंजेक्शन देतात. हा कॅन्सर त्या संप्रेरकावर वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. या उपचाराने लाखो माणसं जास्त जगली. पण २०१९ मध्ये अमेरिकेत दीड लाखांवर वयस्क रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा उपचार घेतलेल्यांत पुढे १०० पैकी १३ जणांना आणि न घेतलेल्यांत ९ जणांना अल्झायमर झाल्याचं दिसलं. दुसऱ्या काही अभ्यासांत असा संबंध दिसला नाही. म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, "यांचा विसर वाढतोय, त्याचा विचार करून काय ठरवायचं?" हा प्रश्न विचारणं आपला हक्क आहे.

एक चांगली बातमीही सांगते. ७० वर्षांवरच्या ७१८ कॅन्सर रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या डॉक्टरांना उपचाराआधी रुग्णाची सगळी माहिती दिली: चालतो किती, जेवतो किती, आठवतं किती, घरी सांभाळणारं कोण आहे. ज्यांच्या डॉक्टरांना ही माहिती होती, त्यांच्यात औषधाचा गंभीर त्रास १०० पैकी ५१ जणांना झाला. बाकीच्यांत ७१ जणांना. फरक पाडला कशाने? घरातल्या माहितीने. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आता वयस्क कॅन्सर रुग्णांकडे असं वेगळं लक्ष दिलं जातं. आपल्या डॉक्टरांना ही माहिती आपणच देऊ शकतो.

बाळाची लस आणि आजोबांची पिशवी

तुमच्या डाव्या दंडावर जो वण आहे, तो बीसीजीच्या लसीचा. क्षयरोगासाठी बाळाला देतात. हीच लस पिशवीच्या कॅन्सरवर चालते, हे कॅनडातल्या डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरून दाखवलं. कॅन्सर पिशवीच्या आतल्या थरातच असेल, तर नळीने हे औषध पिशवीत सोडतात. शरीराची स्वतःची फौज जागी होते आणि कॅन्सरवर तुटून पडते. आजही हा उपचार जगभर चालतो, आपल्या देशातही.

आता पुढचं ऐका. इस्रायलमध्ये पिशवीच्या कॅन्सरच्या १,३७१ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांना बीसीजी मिळालं होतं, त्यांच्यात पुढे अल्झायमर १०० पैकी दोन-तीन जणांना झाला. ज्यांना मिळालं नव्हतं, त्यांच्यात जवळजवळ नऊ जणांना. हे २०१९ मध्ये छापून आलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ६,४६७ रुग्णांच्या अभ्यासातही बीसीजी घेतलेल्यांत डिमेन्शियाचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी दिसला.

पण लगेच आजोबांना घेऊन लस टोचायला निघू नका. हे अभ्यास जुन्या नोंदींवरचे आहेत. कदाचित बीसीजी मिळालेली माणसं मुळातच जास्त धडधाकट असतील. खरं काय ते कळायला सारख्या माणसांचे दोन गट करून, एकाला औषध देऊन आणि दुसऱ्याला न देता, वर्षानुवर्षं पाहावं लागतं. याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. तोवर बीसीजी हे डिमेन्शियाचं औषध नाही. कोणी गावात तसं सांगून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

आपल्या गडचिरोलीने शिकवलेलं

संशोधन म्हणजे परदेशातलं काम, असं समजू नका. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त १०० पैकी ८. सगळ्या जगाला धक्का बसला. आजार होताच, विचारलं कोणी नव्हतं.

पुढे त्याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. गावातल्याच बायकांनी वहीत केलेल्या नोंदींवर ते उभं राहिलं.

म्हाताऱ्या माणसांबद्दल आज तशीच स्थिती आहे. कॅन्सरच्या नवीन औषधांच्या ट्रायलमध्ये फार वयाची माणसं कमी घेतात आणि डिमेन्शिया असलेल्यांना बहुतेक वेळा घेतच नाहीत. त्यांना समजावून संमती घेणं अवघड, वारंवार बोलावणं अवघड. मग औषध बाजारात येतं तेव्हा विसरणाऱ्या ऐंशीच्या माणसाला ते कसं लागू पडेल, हे डॉक्टरला अंदाजानेच ठरवावं लागतं. ज्यांना मोजलं नाही, त्यांच्यासाठी उत्तर सापडत नाही.

अंगठा देण्याआधी

उद्या मोठ्या रुग्णालयात कोणी तुम्हाला विचारेल, "तुमच्या वडिलांना आमच्या अभ्यासात घ्यायचं का?" घाबरून नाही म्हणू नका आणि घाईत हो म्हणू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि नवीन औषधांच्या ट्रायलसाठी २०१९ चे सरकारी नियम आहेत. त्यांतलं एवढं लक्षात ठेवा.

सगळं आपल्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवलं पाहिजे. कागदाची एक प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. रुग्णाला स्वतःला समजत नसेल तर जवळचा कायदेशीर नातेवाईक त्याच्या वतीने संमती देतो. तरी रुग्णाला जेवढं कळतं तेवढं विचारायलाच हवं, आणि तो हात झटकत असेल तर तेही उत्तर समजायचं. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाईचा हक्क असतो. आणि तो अभ्यास रुग्णालयाच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला असावा लागतो, त्याचा कागद दाखवा म्हणावं.

आपल्या गटाने काय करायचं

पहिलं, वही. ज्या घरात विसरणारं म्हातारं माणूस आहे, त्या घरी एक छोटी वही ठेवा. आज लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता, डाग दिसला का, जेवण, झोप, शौच, नवीन गोळी, आणि वागण्यात काही बदल. रोज दोन ओळी पुरे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात लिहील.

दुसरं, मासिक सभेत हा एक प्रश्न ठेवा: "कोणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाला लघवीचा त्रास आहे का? कपड्यावर डाग दिसला का?" एकदा एकीने तोंड उघडलं की बाकीच्याही बोलतात. आमच्या गटात पहिल्याच सभेत तीन घरं निघाली. एका मावशींचा त्रास मुतखड्याचा होता, कॅन्सरचा नव्हता. पण त्या चार महिने मनात घाबरत होत्या.

तिसरं, तातडीची खूण. माणूस एका दिवसात बदलला, किंवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवीच झाली नाही, किंवा फक्त थेंब थेंब येतंय आणि ओटीपोट फुगलंय, तर त्याच दिवशी रुग्णालय. १०८ ला फोन करा. पोट चोळू नका, जबरदस्तीने पाणी पाजू नका, झोपेची गोळी देऊ नका.

चौथं, पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड आजार येण्याआधीच काढून ठेवा. जाण्या-येण्याच्या खर्चासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. तो निधी याचसाठी असतो, तो मागण्यात कमीपणा नाही.

पाचवं, सांभाळणारी बाई. घरोघरी हे काम सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर पडतं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तिची मजुरी बुडते, रात्रीची झोप जाते. गटाने आठवड्यातून दोन तास पाळीपाळीने त्या घरी बसावं, तिला मोकळं करावं. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला जंगलाकडे जाऊ देऊ नका, रात्री खाटेजवळ भांडं ठेवा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फुकट फोन क्रमांक आहेत. सांभाळणाऱ्या बाईनेही १४४१६ वर बोलावं.

शेवटी आमच्या मामाजींचं सांगते. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते, ऑपरेशन किंवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. आम्ही ठरवणारच होतो, तेवढ्यात मला वाटलं, त्यांना तर विचारलंच नाही. सकाळी त्यांचं डोकं जरा ताजं असायचं. चहा देऊन मी विचारलं, "मामाजी, कापाकापी करायची का इंजेक्शन घ्यायचं?" ते बराच वेळ आंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कापू नका. मले घरीच ठेवा." दुपारपर्यंत ते हे विसरले, पण आम्ही नाही विसरलो. इंजेक्शनं चालू ठेवली. ते पावणेदोन वर्षं घरीच राहिले, आणि घरीच गेले.

सासूबाईंना मी कधी दोष दिला नाही. त्यांनी डाग पाहिला होता, त्या घरातल्या एकट्याच पाहणाऱ्या होत्या. आम्ही शिकलेली माणसं रोज त्यांच्याशी बोलत होतो, हे एक सोडून सगळं विचारत होतो. आता आमच्या सभेत त्याच पुढे बसतात आणि नव्या बायांना विचारतात, "बुढ्याचं धोतर कोण धुते व तुमच्या घरी? तिले विचारा."

तुम्हीही आज घरी विचारा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.